कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही, इंजिन उघडायचं का? (इंदूर)

सुदामानगरकर:
नमस्कार मंडळी, गाडीचा प्रश्न आहे, जरा लांबण लावतोय पण सगळं एकदाच लिहितो म्हणजे परत परत विचारायला नको. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, ८० हजारांच्या वर चाललेली. रिझर्व्हच्या बाटलीत कूलंट मॅक्सपर्यंत भरलं की आठवड्याभरात मिनच्या खाली, आणि पार्किंगच्या फरशीवर एक थेंब नाही. आतलं कार्पेट कोरडं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, शहरात तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही, फक्त खंडवा रोडला भेरूघाट चढताना ए.सी. चालू होता तेव्हा वर सरकला, ए.सी. बंद केल्यावर खाली आला.

एका मिस्त्रीने वॉटर पंप बदलला, काही फरक नाही. आता तोच म्हणतोय हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन उघडावं लागेल. दुसरा म्हणतो वॉल्व (थर्मोस्टॅट, इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा) काढून टाका आणि पाणी टाकत राहा, इंदूरच्या गरमीत वॉल्वचं काय काम. आईबाबांना ओंकारेश्वरला न्यायचंय आणि रस्ता त्याच घाटातून जातो, म्हणून अंदाजपंचे काम नकोय. आधी काय तपासून घेऊ?

मालवी_माणूस:
वॉल्व काढू देऊ नका भिया, एवढं आधी सांगतो, बाकी जाणकार येतीलच. आमच्या घरच्या गाडीचा असाच काढून टाकला होता, हायवेवर इंजिन नीट गरमच होईना, अॅव्हरेज पडला, थंडीत हीटरमधून गार हवा. शेवटी परत नवा बसवला.

पीथमपुरी:
सुदामानगरकर, इंजिन उघडायला हो म्हणू नका, अजून तरी. तुम्ही लिहिलंय त्यात हेड गॅस्केटकडे बोट दाखवणारं मला काही दिसत नाहीये. गॅस्केट जाऊ शकतं, पण ते गेलंय हे सिद्ध करणाऱ्या स्वस्त तपासण्या आहेत, त्या न करता हेड काढणं चूक.

मुळात ही सिस्टीम बंद असते, त्यामुळे कूलंट नुसतं "कमी" होत नाही, ते कुठेतरी जातं. एक तर बाहेर गळतं, नाहीतर आत सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जातं, नाहीतर झाकण कमजोर झालं म्हणून बाटलीत जाऊन ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं. प्रत्येक वाटेवर खूण राहते. बाहेर गळून गरम भागावर पडलं तर पाणी उडून जातं आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली राहते (कूलंटचा रंग जो असेल त्याप्रमाणे) आणि गोडसर वास येतो. म्हणून फरशी कोरडी आहे यावरून गळती नाही असं ठरवता येत नाही, बारीक गळती असेल तर थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, वाटेतच वाळतो.

तर सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि आत कूलंट काठोकाठ आहे का बघा. बाटली भरलेली म्हणजे रेडिएटर भरलेला असं धरू नका. गाडी थंड होताना रेडिएटर बाटलीतून कूलंट ओढून घेतो, पण कुठे भोक असेल किंवा झाकणाचा आतला छोटा व्हॅक्युम वॉल्व खराब असेल तर तो तिकडून हवा ओढतो, बाटली तशीच भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा. मग ऑइलची डिपस्टिक आणि ऑइल भरायचं झाकण बघा, दुधाळ मळकट थर दिसतोय का. रोज दोनचार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत झाकणाखाली थोडा तसा थर साध्या ओलाव्यानेही येतो, तेवढ्याने घाबरू नका, डिपस्टिकवरचं ऑइल महत्त्वाचं. त्यानंतर मोबाईलचा टॉर्च घेऊन प्रत्येक होज पाइपचा जोड, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे अॅल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते ती कड, आणि वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून गळून कळावं म्हणून. तुमचा पंप नवा आहे तरी बघा.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहिलंय असं समजा, गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कुकरची शिट्टी न काढता झाकण उचलण्यासारखं आहे ते. १ बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं, झाकण सैल केलं की दाब जातो आणि आतलं सगळं एकदम उकळून अंगावर येतं. चेहरा भाजतो लोकांचा.

चाफा:
मध्ये विचारते त्याबद्दल सॉरी पण माझ्या गाडीखाली रोज पाणी साचतं, डाव्या बाजूला पुढे, आणि पेट्रोल पंपावरचा मुलगा म्हणाला कूलंट गळतंय मॅडम. ते कसं ओळखायचं?

पीथमपुरी:
चाफाताई, ए.सी. वापरल्यावरच साचत असेल, पाणी एकदम स्वच्छ, बिनवासाचं, बोटांना चिकट लागत नसेल तर ते ए.सी.चं पाणी, ते यायलाच हवं. उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त येतं कारण हवेत दमटपणा असतो. खाली पांढरा पुठ्ठा टाकून बघा, कूलंट असेल तर रंग उमटेल आणि बोटाला बुळबुळीत लागेल. जीभ लावून मात्र बघू नका, चव गोड असते आणि माल विषारी.

पण तसं चिकट पाणी गाडीच्या आत, डाव्या सीटच्या पायाशी कार्पेटमध्ये येत असेल आणि ब्लोअर लावला की काचेवर चिकट धुकं बसत असेल तर तो हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर), मग मात्र दाखवून घ्या.

जुनी_इंदूर:
आम्ही ट्रान्सपोर्टमध्ये होतो तेव्हा देवास नाक्यावर ड्रायव्हर लोक रेडिएटरमध्ये हळद टाकायचे. बारीक भोक बुजायचं आणि गाडी धुळ्यापर्यंत जायची. जुने पितळी-तांब्याचे रेडिएटर होते, नळ्या जाड, नंतर उघडून रॉड मारून साफ करून घेता यायचे. आताच्या गाड्यांत हा प्रकार करू नये. रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अरुंद असतात, हीटर कोअरच्या त्याहून बारीक, हळद म्हणा की बाजारातली लीक बंद करायची पावडर म्हणा, भोक बुजायच्या आधी हीच बुजतात. रस्त्यात अडकलात, दुसरा इलाजच नाही, तर गोष्ट वेगळी. इंदूरसारख्या गावात बसून करायचं काम नाही हे.

घाटात काटा चढला त्याबद्दल. गाडी ट्राफिकमध्ये उभी असताना गरम होत असेल, म्हणजे पलासियाच्या सिग्नलला वगैरे, तर आधी फॅन, त्याचा रिले, फ्यूज बघायचा. आणि चालताना, चढावर, जोर लागल्यावर गरम होत असेल तर कूलंट कमी, रेडिएटर चोंदलेला किंवा वॉल्व पूर्ण उघडत नाही यातलं काही. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं दिसतंय.

सुदामानगरकर:
काका, पीथमपुरी, खूप आभार. सकाळी सगळं बघितलं. रेडिएटर झाकणापासून चांगला तीन-चार बोटं खाली होता, बाटलीत मात्र अर्ध्यापर्यंत होतं! ऑइल साफ. होजचे जोड कोरडे, रेडिएटरची कड कोरडी, पंपाखाली काही नाही. आतलं पाणी बघून वाईट वाटलं, गंजाच्या रंगाचं, कूलंट म्हणावं असं काही राहिलंच नाहीये. आधीच्या मालकाकडे विचारलं तर त्यांच्या कॉलनीत बोरिंगचंच पाणी, तेच भरत आलेत म्हणे.

सायलेन्सरचा धूर थंड इंजिनवर परत बघितला, सुरुवातीला थोडी वाफ, मग काही नाही.

पीथमपुरी:
हे बोरिंगचं पाणी महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे येतो.

आता तुम्हाला प्रेशर टेस्टर हवा. हातपंप असतो, त्यावर मीटर, आणि रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसणारा अडॅप्टर. थंड इंजिनवर सिस्टीम काठोकाठ भरायची, पंप लावायचा, आणि तुमच्या झाकणावर जो आकडा छापलाय (०.९ किंवा १.१ बार असं काहीतरी असेल) तेवढाच दाब द्यायचा, वर नाही, नाहीतर चांगली टाकी फाटेल. मग १५-२० मिनिटं मीटरवर लक्ष ठेवायचं. काटा उतरला म्हणजे गळती आहे, आणि इंजिन थंड असल्यामुळे थेंब वाळत नाही, ओला दिसतो. सगळा फायदा त्यातच आहे. इंजिन चालू असताना फॅनचा वारा, पट्टा, धूर बाहेर नेणारा गरम मॅनिफोल्ड, सगळं मिळून पुरावा पुसून टाकतं.

त्याच टेस्टरवर झाकणही तपासून घ्या. झाकणाची स्प्रिंग कमजोर असेल तर छापलेल्या दाबाच्या आधीच सोडतं, मग कूलंट लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर जातं. झाकण स्वस्त असतं, शंका असली तरी बदला, फक्त आकडा तोच घ्या, जास्त दाबाचं "मजबूत" झाकण लावायचं नाही.

काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल दिसली नाही, तर मग हेड गॅस्केटचा विचार. तेव्हासुद्धा आधी ब्लॉक टेस्ट, म्हणजे रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात, इंजिनचा जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. सोबत स्पार्क प्लग काढून बघायचे, एखादा सिलिंडर ओला असतो किंवा एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ. आणि थंड गाडी चालू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तरी संशय घ्या, कारण एवढ्या लवकर उष्णतेने दाब येत नाही. हे सगळं झाल्यावरच हेडला हात लावू द्या.

टेस्टर प्रत्येक गॅरेजवाल्याकडे नसतो. फोन करून आधी विचारा "प्रेशर टेस्टर आहे का", नाही म्हणाला तर दुसरीकडे.

राऊकर:
+१. माझं एक अॅडिशन. काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. कूलंट फारच कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर हवेत राहतो आणि काटा शांत दिसतो, इंजिन मात्र तापलेलं. नव्या बऱ्याच गाड्यांत तर काटाच नाही, निळा दिवा, लाल दिवा, बस. ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणी सॉकेटचं) छोटं डिव्हाइस लावून मोबाईलवर तापमान बघता येतं. वॉल्व साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, त्यामुळे ९० च्या आसपास फिरत असेल तर चिंता नाही.

आणि घाटात खरंच चढलाच काटा तर ए.सी. बंद, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल (आतल्यांना त्रास होतो पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे), जागा मिळताच बाजूला. वाफ निघत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर इंजिन लगेच बंद करायचं. बॉनेट उघडून निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड वाकतं नाहीतर चीर जाते, मग गॅस्केट खरंच जातं.

सुदामानगरकर:
सापडलं!!

तीन ठिकाणी फोन केल्यावर एकाकडे टेस्टर निघाला, वयस्कर माणूस, फार बोलत नाही पण हात नीट. १.१ बार दिलं, काटा हळूहळू उतरायला लागला, बाहेर काही दिसेना. त्याने मोबाईलचा व्हिडिओ चालू करून टॉर्चसकट इंजिनाच्या मागे, इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) हात घातला. व्हिडिओ बघितला तर पंपाकडून इंजिनाच्या पाठीमागून जाणारा एक लोखंडी पाइप आहे, त्याला जिथे ब्रॅकेट टाचलाय तिथे गंजाचा फोड आणि त्यातून बारीक थेंब येतोय, तिथून ओघळून गिअरबॉक्सच्या पाठीवर. गिअरबॉक्सवर पांढरी खपली जमलेली आहे, वरून बघून कधीच दिसली नसती.

आता तो म्हणतो दोन रस्ते आहेत, पाइप काढून वेल्डिंग करून देतो, नाहीतर नवा मागवतो, त्याला दोन दिवस लागतील. पहिला मिस्त्री फोनवर म्हणाला एम-सील लावून टाका, वर्षभर बघायला नको. काय करू?

पीथमपुरी:
नवा पाइप. विचारच करू नका.

एम-सील थंड पाण्याच्या टाकीला ठीक, इथे रोज गरम-थंड, गरम-थंड आणि वर दाब, शिवाय खाली गंज भुसभुशीत असतो, ते चिकटणार कशाला. वेल्डिंगला विरोध यासाठी की पाइप आतून गंजलाय. बाहेर जे भोक दिसतंय तो शेवटचा टप्पा आहे, आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असणार. एक भोक बुजवलं की वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं उघडेल, आणि पुन्हा मॅनिफोल्ड काढण्याची मजुरी तुम्हीच द्याल.

मॅनिफोल्ड निघतोच आहे तर त्याच मजुरीत पाइपाची ओ-रिंग, मॅनिफोल्डचं गॅस्केट, आणि तिथले हात न पोचणारे छोटे होज बदलून घ्या. होज दाबून बघा, पापुद्रे आलेले, कडक झालेले किंवा फुगलेले असतील तर ठेवू नका. मूळ स्प्रिंगची क्लिप शाबूत असेल तर तीच परत लावा. स्क्रूची क्लिप लोक आवळून आवळून होज कापतात, आणि थंडीत रबर आकसलं की स्प्रिंग आपोआप घट्ट राहते, स्क्रू राहत नाही. हिवाळ्याच्या सकाळी थेंब, दुपारी काही नाही, अशी गळती बहुतेक क्लिपचीच असते. स्क्रूचीच लावायची झाली तर सियागंजातून चांगली स्टीलची घ्या.

आता पाणी. आपलं माळव्याचं बोरिंगचं पाणी जड, भांड्यांवर पांढरा थर धरतो तोच इंजिनात धरतो, त्यातले क्षार अॅल्युमिनियमला खड्डे पाडतात, आणि कूलंट नाही म्हणजे गंज रोखणारी रसायनंही नाहीत. नर्मदेचं नळाचं पाणी त्याच्यापेक्षा बरं असलं तरी रेडिएटरसाठी नाही, तिथे डिस्टिल्डच. "इंदूरात बर्फ थोडाच पडतो, कूलंट कशाला" असं म्हणणारे भेटतात, पण आपल्याला कूलंट गोठू नये म्हणून लागत नाही, गंज थांबायला आणि उकळायचा बिंदू वर न्यायला लागतं. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन), निम्मं पाणी असेल तर उकळायचा बिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो, तोही दाबाविना, झाकणाचा दाब धरला तर आणखी बराच वर. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, इथे उघड्यावर साधं पाणी १०० च्या थोडं आधीच उकळतं.

चाफा:
कूलंट हिरवं घ्यायचं की लाल? दुकानदार म्हणतो लाल जास्त चांगलं.

पीथमपुरी:
रंग बघून घेऊ नका ताई, रंग कंपनी हवा तो घालते, त्याला काही ठरलेला नियम नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या प्रकारचं लिहिलंय ते बघा. जुन्या पद्धतीचं साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं, ऑरगॅनिक अॅसिडवालं पाच वर्षांपर्यंत जातं. दोन प्रकार मिसळले तर आयुष्य कमी होतं, काही वेळा गाळ धरतो. आणि डब्यावर "रेडी टू यूज" आहे की "कॉन्सन्ट्रेट" हे आधी वाचा. तयार असलेल्यात पुन्हा पाणी घातलं तर पातळ होऊन बसतं.

जुनी_इंदूर:
सुदामानगरकर, भरताना घाई करू देऊ नका. जुनं सगळं काढून डिस्टिल्ड पाण्याने फ्लश करायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. तुमच्यात गंज इतका आहे की एकदा धुऊन भागणार नाही. मग हीटर फुल गरमवर ठेवून हळूहळू भरायचं, कुठे हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, गाडीचं नाक थोडं चढावर. इंजिन चालू करून वॉल्व उघडेपर्यंत थांबायचं, म्हणजे वरचा होज तापतो आणि नंतर फॅन लागतो-बंद होतो, दोनदा तरी होऊ द्यायचं. आतून हीटरची गरम हवा येतेय का बघायचं, गार येत असेल तर हवा अडकलीय. थंड झाल्यावर परत लेव्हल. आणि काम झाल्यावर टेस्टर पुन्हा लावायचा, हे विसरू नका, नुसतं "झालं साहेब" ऐकून निघू नका.

सुदामानगरकर:
नवा पाइप बसला. ओ-रिंग, मॅनिफोल्डचं गॅस्केट, मागचे दोन होज आणि झाकण बदललं, झाकण टेस्टरवर छापलेल्या दाबाच्या बरंच आधी सोडत होतं. जुना पाइप मी मागून घेतला, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर ब्रॅकेटच्या शेजारी अजून एक भोक पडलं, वेल्डिंग केलं असतं तर काय झालं असतं ते कळलं. फ्लशिंगला सगळ्यात जास्त वेळ गेला. वॉल्वही काढून बघितला, गंजाने अर्धवट अडकत होता, घाटात काटा का चढत होता त्याचं हेही एक कारण निघालं, नवा घातला. नंतर परत १.१ बारवर २० मिनिटं ठेवलं, काटा जागचा हलला नाही.

ओंकारेश्वर करून आलो आईबाबांना घेऊन. भेरूघाट जाता-येता ए.सी. चालू, राऊकरांनी सांगितलेला ओबीडी लावला होता, आकडा शंभरच्या खालीच राहिला. थंड गाडीची लेव्हल रोज बघतोय, जिथल्या तिथे आहे. हेड न उघडता काम झालं, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

चाफा:
अभिनंदन! माझं पण ए.सी.चंच पाणी निघालं, पुठ्ठ्यावर काही उमटलं नाही. एक विचारायचं राहिलं, काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकतात? आमच्या गल्लीत कुत्री खूप आहेत.

पीथमपुरी:
चांगलं विचारलंत. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोड्याशा एथिलीन ग्लायकॉलनेही त्यांच्या किडन्या जातात. नालीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. कॅनमध्ये बंद करून गॅरेजवाल्याकडेच द्या, जुन्या ऑइलसोबत ठेवून घेतात का ते काम द्यायच्या आधी विचारून घ्या. फरशीवर सांडलंच तर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपायचं, ते भरून टाकायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. कुत्र्याने चाटलेलं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे, पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

सुदामानगरकर, नव्या भरलेल्या कूलंटची तारीख आणि प्रकार बॉनेटच्या आत स्टिकरवर लिहून चिकटवा, आणि महिनाभराने एकदा थंड गाडीवर झाकण उघडून रंग बघा. गंज पुन्हा दिसला तर अजून एक फ्लश द्या, जुन्या गंजाचा उरलेला भाग सुटून येतो कधीकधी.